तुमचा थंड दिवा

बाबा,

तुम्ही बनवलेला दिवा अजून लागतो. आमगावच्या आमच्या घरात, खिडकीपाशी, मी हे लिहिते आहे त्याच टेबलावर तो ठेवलाय. पत्र्याच्या डबीचं बूड, त्यात बसवलेला पांढरा एलईडी, वर बटर पेपरचा गोल तुकडा आणि बाजूला दाराची छोटी बिजागरी, तुमच्या भाषेत कब्जा. बटर पेपर पिवळा पडलाय, बाकी सगळं जसंच्या तसं आहे. तुमचा चष्मा कुठं गेला माहीत नाही, तुमची सायकल कुणी नेली ते आईलाही आठवत नाही, हा दिवा मात्र बटण दाबलं की निमूटपणे लागतो. मला त्याचा राग येतो. वस्तूंवर राग काढू नका म्हणून मी शाळेत पोरांना रोज ओरडते, आणि परवा हाच दिवा उचलून आपटायला निघाले होते. मग वाटलं, दिव्याला काय बोलायचं, ज्यानं बनवला त्यालाच बोलू. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

सडक अर्जुनीच्या आपल्या घराची हायवेकडची पुढची खोली म्हणजे तुमची लॅब. आई तिला 'रक्ताची खोली' म्हणायची आणि पेशंट तुम्हाला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही, नुसती तपासणी करतो, हे सांगून सांगून तुमचं तोंड दुखायचं. त्या खोलीत एक जुना फ्रीज होता, रक्त फिरवायचं यंत्र होतं आणि तो मायक्रोस्कोप होता, कुठल्याशा कॉलेजनं भंगारात काढलेला. त्याला दिवा नव्हताच. खाली एक गोल आरसा होता. नव्व्याण्णव साली, मी नववीत असताना, तुम्ही टेबल दारापाशी ओढून बसायचात आणि आरशानं ऊन पकडून रक्त पाहायचात. ढग आला की काम ठप्प. पेशंट ओट्यावर बसून आभाळाकडे पाहायचे आणि तुम्हीही पाहायचात. "काऊन जी डॉक्टर, ऊन निघंपर्यंत बसू का?" असं कुणी विचारलं की तुम्ही वैतागून म्हणायचात, "बस ना, मी काय ऊन बांधून ठेवलो?" आणि आतून आईचा चहा यायचा. आपल्याकडे पावसाळ्यात चहापत्ती किती लागायची हे आईला विचारावं.

मग तुम्ही बल्ब आणलात. दुधाच्या पावडरचा डबा आडवा करून त्यात तो बसवलात, पुढे निळी काच लावलीत, कारण बल्बच्या पिवळ्या उजेडात रंग फसवतात असं तुमचं म्हणणं होतं. ढगांची कटकट मिटली. पण तो डबा असा तापायचा की दुपारपर्यंत खोलीत जळक्या दुधाचा वास भरायचा. तुमच्या बोटांना फोड आले, आईनं त्यांवर हळद लावली आणि तुम्ही त्या बल्बला शिव्या घातल्या. त्या शिव्या मला आजही पाठ आहेत. आज वाटतं, बाबा, त्या बल्बला इतकं वाईट बोलायला नको होतं.

बल्ब आल्यापासून सगळ्यात जास्त लोक यायचे ते सिकलच्या, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या रोगाच्या, तपासणीला. बोटातून रक्ताचा थेंब काढून तुम्ही तो काचेवर ठेवायचात, त्यात रोज सकाळी ताजं बनवलेलं औषध मिसळायचात, वर पातळ काच ठेवायचात आणि हवा शिरू नये म्हणून चारही कडा माझ्या नेलपॉलिशनं बंद करायचात. त्या खोलीतल्या लाल कडांच्या काचा पाहून एका म्हातारीनं तुम्हाला विचारलं होतं, "का जी, रक्तालेही सजवता का?" काच मायक्रोस्कोपवर ठेवायची, दिवा चालूच राहू द्यायचा आणि पेशंटबरोबर बाहेर बसून चहा प्यायचा. चहा झाला की येऊन पाहायचं. औषधानं रक्तातला प्राणवायू ओढून घेतला की दोष असलेल्या पेशी गोल राहत नाहीत, वाकतात, विळ्यासारख्या होतात. बिनदोष रक्तातल्या गोलच राहतात. चहाच्या कपाएवढी वाट पाहायची, ही तुमची पद्धत होती. वर्षानुवर्षं ती कधी चुकली नव्हती, म्हणून तिच्याबद्दल कुणी कधी विचारही केला नाही. तुम्हीही नाही.

आणि तुमचा एकच कायदा होता: जे दिसलं तेच सांगायचं. एकदा तुम्ही मला डोळा लावून पाहायला दिलंत आणि काय दिसतं ते विचारलंत. समोरच्या बाईचा चेहरा उतरलेला होता म्हणून मी म्हटलं, "सगळं गोल आहे, बाबा." तुम्ही स्वतः पाहिलंत, तिला खरं ते सांगितलंत आणि ती गेल्यावर माझ्यावर असे कडाडलात की आई स्वयंपाक टाकून बाहेर आली. "तिच्या तोंडाकडे कायले पाहतेस? काचेत पाह! दिसलं ते सांगाचं, नाई दिसलं तर नाई दिसलं म्हनाचं!" मी रडले. संध्याकाळी तुम्ही चौकातून गरम आलुबोंडे आणलेत आणि माझ्यासमोर पुडा ठेवून निघून गेलात. तुमची माफी नेहमी अशी कागदात बांधून यायची.

तुम्ही सांगायचात, आपल्यात पत्रिका पाहत नाहीत, ती आपल्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच सोडली. मग लग्न जुळवायचं तर काय पाहायचं? रक्त पाहायचं. विहारात पौर्णिमेला लोक जमले की वंदना झाल्यावर तुम्ही उभे राहायचात आणि हेच बोलायचात. एकाच्या रक्तात अर्धा दोष असला तर घाबरायचं कारण नाही, तो नुसता वाहक. पण दोघंही वाहक नकोत, कारण मग लेकराला पूर्ण रोग होऊ शकतो. काही लोक मान डोलवायचे, काही चप्पल शोधायला लागायचे. न पटणारेच जास्त. "माया पोरीले काई नाई झालं, दिवसभर धानाचे परे लावते चिखलात," असं एक शेतकरी तुमच्या तोंडावर म्हणाला आणि तुम्ही लिहून दिलेला कागद घडी करून तंबाखूच्या डबीत ठेवून गेला. त्या दिवसापासून तुम्हाला फोटोचा नाद लागला. कागद लोक डबीत ठेवतात, फोटो भिंतीवर लावतात, असं तुम्ही म्हणालात.

पण फोटो यायचे नाहीत. बल्बच्या उजेडात कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवावा लागायचा, आणि तेवढ्यात रायपूरकडे जाणारा एखादा ट्रक घरासमोरून जायचा. टेबल थरथरायचं, फोटोत पेशींचा नुसता चिखल यायचा. तुम्ही टेबलाच्या पायांखाली सायकलची ट्यूब कापून लावलीत, पोती भरून ठेवलीत, तरी हायवे काही ऐकेना. शेवटी तुम्ही फोटो स्टुडिओवाल्याकडून बिघडलेले कॅमेरे आणलेत आणि त्यांतला फ्लॅश काढून मायक्रोस्कोपच्या खाली बसवलात. डोळ्याच्या नळीवर प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, त्यावर बिनभिंगाचा कॅमेरा. फ्लॅश इतका क्षणाचा की ट्रक गेला काय नि रणगाडा गेला काय, चित्र हलायचंच नाही. पहिला स्वच्छ फोटो धुऊन आला तेव्हा तुम्ही तो हातात धरून हायवेपर्यंत गेलात आणि जाणाऱ्या ट्रकांना दाखवलात. आई म्हणाली, "झालं, आता हे कामातून गेले."

त्या फ्लॅशच्या भागांना मी एकदा हात लावला होता. सेल काढून ठेवलेले होते, म्हणून मला वाटलं की आता काय होणार. झटका असा बसला की मी मागच्या फ्रीजवर आदळले. तुम्ही धावत आलात, आधी माझा हात पाहिलात, मग माझ्याकडे पाहिलंत आणि मग ओरडलात. "सेल काढला म्हनजे मेला नाई तो! आत धरून राहते." कॅमेऱ्याच्या पोटात तो विजेचा साठा किती वेळ टिकून राहतो हे तुम्ही मला त्या दिवशी दाखवलंत, दोन तारा जोडून, चट्ट आवाज करून. आज मी माझ्या वर्गात हीच गोष्ट दाखवते आणि त्याच शब्दांत ओरडते. पोरं हसतात, कारण आमगावात माझ्या तोंडून असं बोलणं त्यांनी एरवी ऐकलेलं नसतं.

मग भारनियमन आलं. दिवसातला मोठा भाग वीज नसायची आणि बल्ब मुकाट बसायचा. तुम्ही गोंदियाच्या बाजारात जाऊन पांढऱ्या एलईडीची एक टॉर्च आणलीत. दुकानदारानं "ले जाओ काका, आँख को ठंडक देगी" म्हणत ती तुमच्या गळ्यात मारली होती. तुम्ही ती घरी येताच फोडलीत. पत्र्याची डबी, स्कूटरची जुनी बॅटरी, एक रेझिस्टन्स, बटर पेपर. निळी काच काढून टाकलीत, हा उजेड मुळातच पांढरा आहे म्हणून. डबीला दाराचा कब्जा लावलात, म्हणजे पाहायचं असेल तेव्हा एलईडी खाली यायचा आणि फोटो काढायचा असेल तेव्हा तो बाजूला सरून फ्लॅश जागेवर यायचा. त्या दुपारी मी तुमच्यासाठी टॉर्च धरून उभी होते, एवढंच माझं काम. पत्रा तुम्ही कापलात, तारा तुम्ही जोडल्यात, डाग तुम्ही दिलात. मला हात लावू दिला नाहीत, आधीचा झटका विसरला नव्हतात तुम्ही. दिवा लागला, तुम्ही तो बराच वेळ चालू ठेवलात आणि मग माझं मनगट धरून माझी बोटं त्यावर टेकवलीत.

"हात लाव. लाव ना! थंड आहे का नाई?"

थंड होता. तुमचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. बोटं न भाजणारा दिवा बनवला म्हणून माणूस इतका खूश होऊ शकतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या वर्षी दिवाळीनंतर थंडी जोरात पडली. सकाळी धानाच्या पुंजण्यांवर, कापून रचलेल्या ढिगांवर, दव, लोक शेकोट्या सोडून हलत नव्हते. तुमची लॅब मात्र वीज असो नसो, चालू. चहा तसाच बाहेर यायचा, काच तशीच नव्या दिव्यावर ठेवलेली असायची, आणि चहा झाला की तुम्ही तसेच आत जाऊन पाहायचात.

त्याच थंडीत माझं लग्न जमलं. जमलं कशाला म्हणू, मीच जमवलं होतं. तो आमगावचा, राइस मिलमध्ये नोकरीला. बी.एड.ला असताना गोंदियाच्या गाडीत ओळख झाली होती. त्यानं पहिल्याच दिवशी तुम्हाला स्वतःचं कार्ड दाखवलं होतं: वाहक. लपवलं नाही, म्हणून तुम्हाला आवडला. तुम्ही त्याला समोर बसवून म्हणालात, "माणूस चांगला आहेस. पन हिचं रक्त पाहू दे, मग बोलू." मला त्या रात्री झोप नव्हती. सकाळी मी तुमच्यासमोर बोट धरलं आणि म्हटलं, "बाबा, काही निघालं तरी मी यालाच करणार." तुम्ही सुई टोचलीत. काच दिव्यावर ठेवलीत. आपण बाहेर बसून चहा प्यायलो, तुम्ही एक घोट घ्यायचात आणि कप हातात धरून शेकत बसायचात. मग तुम्ही आत गेलात. मी दारातून तुमची पाठ पाहत होते. तुम्ही वाकलात, स्क्रू फिरवलात, पुन्हा फिरवलात. मग कब्जा सरकल्याचा आवाज आला, फ्लॅश चमकला, आणि तुम्ही मागे वळून म्हणालात, "साफ आहेस वो. एकदम साफ." माझा जीव भांड्यात पडला. तुम्ही डोळे पुसत होतात, म्हणालात फ्लॅशनं पाणी आलं.

विहारात पांढऱ्या साडीत लग्न झालं आणि निघताना तुम्ही मला वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट दिलीत. आत माझ्या रक्ताचा फोटो. गोल, भरीव, एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी. "ही तुयी पत्रिका," तुम्ही म्हणालात आणि सगळे हसले. पुढच्या पावसाळ्याच्या आत तुम्ही गेलात. दारापाशी खुर्चीत, चहाचा कप बाजूला, डोळे मिटलेले. आईला वाटलं झोपलात.

मुलगी पोटात असताना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, नवरा वाहक आहे, तुमची तपासणी झाली का? मी ताठ मानेनं सांगितलं, झाली आहे, माझ्या बाबांनी स्वतः केली आहे. त्यांनी पुन्हा करा म्हटलं तर मला राग आला. वर्षाच्या आतच मुलीचे हातपाय सुजले, ती अशी रडायची की शेजारणी मला आईपण शिकवायला यायच्या. गोंदियाला मोठी तपासणी झाली. तिला पूर्ण रोग, आणि मी वाहक. त्या कागदाकडे पाहून मी पहिली गोष्ट काय म्हणाले माहीत आहे? "हा कागद चुकलाय." दुसऱ्यांदा करवली. तेच निघालं. घरी येऊन मी तुमची चौकट भिंतीवर उलटी फिरवली.

पुढची कित्येक वर्षं मी असंच धरून चालले की तुम्ही खोटं बोललात. मी हट्ट धरला होता, तुम्ही माझं तोंड पाहिलंत, काचेत विळे दिसले आणि तरी म्हणालात साफ. फोटो दुसऱ्या कुणाचा असेल, आईचा असेल, असा मी हिशेब लावला होता. ज्या माणसानं मला एका खोट्या 'गोल'साठी रडवलं तोच माझ्यासाठी खोटं बोलला, ह्याचा राग करता करता कधी कधी मला त्यातच गोड वाटायचं, हेही सांगून टाकते. मुलगी थंडीत कण्हायला लागली की मी तिच्या गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावायची आणि मनात तुमच्याशी भांडायची. नवरा कधी एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

खरं काय ते मला शाळेत कळलं, आणि तेही डबक्याच्या पाण्यामुळे. आमच्या शाळेचे मायक्रोस्कोप तुमच्याहून म्हातारे, आरसे फुटलेले. मी तुमच्या पद्धतीनं त्यांना दिवे बसवले: डबी, एलईडी, बटर पेपर. एका यंत्राला मात्र जुना बल्बचाच डबा होता, तो तसाच ठेवला. या हिवाळ्यात पोरांनी बोडीतलं, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्यातलं, पाणी आणलं आणि एकेक थेंब दोन्हीकडे ठेवला. थोड्या वेळानं एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या डब्यावरचे किडे आधी पळत होते, आता मेले. या दिव्यावरचे सुस्त आहेत, पण जिवंत आहेत. काऊन?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तो दिवा तापतो, पाणी गरम होतं, हा थंड आहे, पाणी थंडच राहतं... आणि मला तुमची काच आठवली. मी खुर्ची धरून बसले. पोरांना वाटलं मॅडमला चक्कर आली.

आमगावच्या एका लॅबमधून मी ते औषध ताजं करून आणलं. रविवारी सकाळी, कडाक्याच्या थंडीत, माझंच बोट टोचलं. एक काच तुमच्या दिव्यावर ठेवली, एक शाळेतून मायक्रोस्कोपसकट आणलेल्या बल्बवर. मुलीच्या नेलपॉलिशनं कडा बंद केल्या. चहा केला, प्यायले, पाहिलं. बल्बवरच्या काचेत विळे होते, स्वच्छ दिसणारे. तुमच्या दिव्यावर सगळं गोल. तुमच्या फोटोतल्यासारखं गोल, भरीव, एकमेकींना चिकटलेलं. दुपार कलेपर्यंत वाट पाहिली तेव्हा कुठं तुमच्या दिव्यावरही एक पेशी वाकली, मग दुसरी, मग सगळीकडे. इतकी वर्षं तो बल्ब तुमची काच शेकत होता, बाबा. तापलेल्या काचेवर पेशी लवकर वाकायच्या. ज्याला तुम्ही शिव्या दिल्यात तो तुमच्या चहाच्या कपाएवढ्या वेळात काम उरकून ठेवायचा. तुम्ही त्याला काढलंत, चहा मात्र तेवढाच ठेवलात. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तुम्हाला जे दिसलं तेच तुम्ही सांगितलंत, फक्त लवकर पाहिलंत. मी चौकट सरळ केली आणि तिच्यासमोर बसून मोठ्यानं रडले. सुटल्यासारखंही वाटलं आणि तुमच्यावरचा तो जुना राग हातातून गेल्यामुळे एकदम पोरकं झाल्यासारखंही वाटलं.

आणि मग मी त्या हिवाळ्याचा हिशेब करायला लागले. त्या थंडीत तुमच्याकडे मी एकटी थोडीच आले होते? उन्हाळ्यात खोलीच इतकी तापायची की दिवा थंड असला तरी चाललं असतं, आणि त्यानंतर तुम्ही राहिलाच नाहीत. म्हणजे तो एक हिवाळा. त्या हिवाळ्यात ज्यांना ज्यांना तुम्ही साफ म्हणालात, ते सगळे तुमच्या शब्दावर लग्नं करून बसलेत. मी आईकडे गेले आणि विचारलं, त्या वर्षी कोण कोण आलं होतं? आईनं तुमच्या कुठल्याच गोष्टीची नोंद ठेवली नाही, पण तिनं ज्याला चहा पाजला तो माणूस ती विसरत नाही. बिनसाखरेचा कुणाला दिला, कुणाच्या हातून कप फुटला, असं करत करत तिनं माणसं सांगितली. मग तांदूळ निवडणारे हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"कायले पायजे तुले हे?"

मी सांगितलं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. "तुया बापाची मशीन कधी खोटी नाई बोलली," ती म्हणाली. मी म्हटलं, मशीन नाही आई, दिवा. "तेच ते." मग सूप बाजूला ठेवून, एकदम लहान आवाजात, "जाय तू, सांग लोकांयले. लेकरांचा सवाल आहे. पन तेंचं नाव नको घेऊ वो. गाव अजून तेंच्या नावानं हात जोडते." मी निघाले, बाबा. तुमचं नाव न घेता तुमची चूक कशी सांगायची, हे मला वाटभर सुचत नव्हतं.

पहिलं घर कोहमाऱ्याच्या चौकातलं. ढाबा चालवणारी बाई, तुमच्याकडे लग्नाआधी आली होती, कप तिच्याच हातून फुटला होता. तिनं मला ओळखलं, ट्रकवाल्यांना भाजी वाढता वाढता खुर्ची ओढून दिली. तिला दिवस गेले होते, बऱ्याच वर्षांनी. मी विचारलं, नवऱ्याची तपासणी झाली आहे का? ती हसली. "मी साफ आहो ना. मंग तेंची कायले कराची? तुमचे बाबाच म्हनले होते, एक जन साफ असला का भेव नाई."

मी म्हटलं, "तुम्ही दोघंही पुन्हा करून घ्या. या आठवड्यातच."

"काऊन? एकदा झाली ना."

"त्या थंडीतला दिवा बरोबर नव्हता. दिसायला पाहिजे ते त्यात दिसलं नसेल."

तिचा हात पोटावर गेला. ट्रकवाला रोटी मागत होता, तिनं ऐकलं नाही. "कोनं बनवला होता दिवा?"

मला उत्तर द्यायला वेळ लागायला हवा होता. लागला नाही. "मी," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरची भीती तशीच राहिली, पण कसलीतरी गाठ सुटल्यासारखं झालं. "तरीच," ती म्हणाली. "मी म्हनो, ते कसे चुकतीन." आणि मग, माझी समजूत काढल्यासारखं, "तुमीही पोरगीच होता ना तवा. होते चूक." मला तिनं चहा पाजला. उद्या नवऱ्याला घेऊन गोंदियाला जाते म्हणाली. मी तो चहा प्यायले, बाबा. तुमच्या वाटची माफी मी स्वतःच्या नावावर घेऊन घरी आले. ज्या दिव्याला तुम्ही मला हातही लावू दिला नाहीत, तो मी बनवला असं सांगून आले. दिसलं तेच सांगायचं, हा तुमचा कायदा मी तुमच्यासाठीच मोडला. पुढच्या घरीही मी हेच सांगणार आहे आणि त्याच्या पुढच्याही. तुम्ही असतात तर खोलीभर ओरडला असतात. ओरडा. मी ऐकून घेईन.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, माहीत असतं तरी टाकलं नसतं. आत्ता लिहिता लिहिता मुलगी उन्हात येऊन माझ्या शेजारी बसली आहे. आज तिचे गुडघे बरे आहेत. तिनं दिव्याचं बटण दाबलं, चालू ठेवलं आणि बऱ्याच वेळानं त्यावर बोटं टेकवली.

"आई, हा तापतच नाही! कुणी बनवला?"

"आजोबांनी," मी म्हटलं.

तिच्याशी एवढं खरं बोलले. पुढचं सांगायला माझी जीभ रेटत नाही.